माहेरचा संघ, सासरचा संघ

माणसाने फुटबॉलचा संघ एकच धरावा आणि मरेपर्यंत त्याचाच म्हणवून घ्यावे, असा उपदेश करणाऱ्या मंडळींचा मला आता मनापासून उबग आला आहे. हा उपदेश मी गेली चाळीस वर्षे ऐकते आहे. माझा जन्म कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला आणि लग्न होऊन मी आले ती शिवाजी पेठेत. बाहेरगावच्या वाचकांना यात विशेष काही वाटणार नाही. एका पेठेतली मुलगी दुसऱ्या पेठेत दिली, अंतर पायी जाण्याजोगे, त्यात सांगण्यासारखे काय? कोल्हापूरचा वाचक मात्र एव्हाना गालातल्या गालात हसू लागला असेल. कारण मंगळवार पेठ म्हटली की पाटाकडील तालीम मंडळ आले, आणि शिवाजी पेठ म्हटली की शिवाजी तरुण मंडळ आले. मला हे दोन्ही संघ आवडतात. एक तोळाभर जास्त, दुसरा गुंजभर कमी, असेही नाही. दोन्ही सारखेच आवडतात. आणि हे मी सांगितले की समोरचा माणूस असा चेहरा करतो, जणू मी दोन नवरे केले आहेत!

“असं कसं चालंल वैनी? कुठल्यातरी एकाचं असायला पाहिजे की!”

का असायला पाहिजे? या प्रश्नाला आजवर एकाही शहाण्याने मला धड उत्तर दिलेले नाही. सगळे म्हणतात, ‘तशी रीत आहे.’ रीत आहे हे मलाही ठाऊक आहे. ती शहाणपणाची आहे का, एवढेच मी विचारते आहे.

परगावच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमच्या गावात फुटबॉल तालमींनी वाढवला. ज्या तालमींतून पोरे लाल मातीत घुमली, त्यांनीच पुढे चेंडूचे संघ उभे केले. म्हणून आमच्या संघांची नावे इतर शहरांतल्या क्लबांसारखी नाहीत. खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, ऋणमुक्तेश्वर तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ, आणि या सगळ्यांत इंग्रजी नाव मिरवणारा प्रॅक्टिस क्लब. नावे मी मुद्दाम सबंध लिहिली. ‘वाघाची तालीम’ हे नाव अर्धे लिहिणे माझ्याच्याने होणार नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही १९४० साली निघालेली संस्था या सगळ्यांची लीग भरवते. वरिष्ठ गटात सोळा संघ. दिवाळी सरली की शाहू स्टेडियमवर हंगाम उभा राहतो. आधी लीग, मग निरनिराळ्या चषकांच्या स्पर्धा, अशा क्रमाने तो उन्हाळ्यापर्यंत चालतो.

या तालमींची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमच्या कितीतरी तालमींत भाद्रपदात गणपती बसतो आणि मोहरमात पंजाही बसतो. तीच जागा, तेच कार्यकर्ते, वर्गणी गोळा करणारी पोरेही तीच. याचे कुणाला नवल वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आता मला सांगा, ज्या तालमीच्या चार भिंतींत गणपती आणि पंजा सुखाने नांदतात, त्याच तालमीचे सभासद मला येऊन सांगतात की, एका बाईच्या मनात दोन फुटबॉल संघ मावणार नाहीत! तालमीपेक्षा माझे मन लहान आहे, असे यांना कुणी सांगितले?

पण उपदेशाचा खरा रोख निराळाच आहे, आणि तो मला लग्नानंतर पहिल्याच हंगामात कळला. घरात कुणी वाईट नव्हते. सासूबाई तर देवमाणूस. तरी लीगचे वेळापत्रक लागले त्या दिवशी दिरांनी सहज म्हणून सांगितले, “वैनी, आता तुमचा संघ बदलला बरं का.” सगळे हसले, मीही हसले. नंतर रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करू लागले. आडनाव बदलले, ते मी मुकाट्याने बदलून घेतले. कुलदैवत बदलले. आमटीची चव बदलली, चटणीचा मसाला बदलला, संक्रांतीच्या वाणाची पद्धत बदलली. यांतल्या एकाही गोष्टीबद्दल कुणी मला विचारले नाही आणि मीही कुरकुर केली नाही. पण वडील मला सातव्या-आठव्या वर्षापासून सायकलच्या दांडीवर बसवून मैदानावर नेत. गोलाला टाळी कधी वाजवायची आणि पंचाला शिवी कधी द्यायची नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. ते सगळे मंगळसूत्राबरोबर माहेरी परत पाठवून द्यायचे? गंमत पाहा, घरच्या जावयाला कुणी असे सांगत नाही. जावई शिवाजी पेठेचा असला आणि बायको मंगळवार पेठेची, तर तो सासरी बसून खुशाल शिवाजी मंडळाचे गोडवे गातो, आणि सासरे त्याला आणखी एक लाडू वाढतात. एकनिष्ठेची ही रीत बायकांच्या बाबतीत म्हणजे नुसती बदलीची ऑर्डर आहे!

मी ती घेतली नाही. भांडलेही नाही. सासरच्या संघाचे सामने पाहू लागले, आणि पाहता पाहता तोही संघ माझा झाला. यात कसली फितुरी? धाकटा मुलगा झाला म्हणून थोरल्यावरची माया कमी होते, असे कुठल्या आईला कुणी सांगून पाहावे.

खुद्द खेळाडूंचे काय चालले आहे, तेही पाहा. दिवाळीच्या आगेमागे खेळाडूंच्या नोंदणीची धामधूम असते. गेल्या साली एका तालमीचा कणा असलेला पोरगा यंदा दुसऱ्या तालमीकडून सही करतो. त्याचेही चूक नाही. चार पैसे मिळतात, खेळायला जागा मिळते, पाय चालतात तोवर पाहून घ्यावे लागते. भाऊबीजेला माझा भाऊ येतो तेव्हा ओवाळून होते न होते तोच तो नि माझे यजमान ‘कोण कुठे गेला’ याचा हिशोब मांडून बसतात. चकल्या गार होतात, चहावर साय धरते. म्हणजे ज्याच्या पायावर आपण जीव टाकायचा, त्याला दर वर्षी संघ बदलायची मुभा. फळीवर बसून शेंगा खाणाऱ्याला मात्र जन्मठेप! आणि काल ज्याला खांद्यावर घेऊन नाचलो, त्यालाच आज अंगावरची जर्सी पाहून हिणवायचे. असल्या निष्ठेला मी तरी निष्ठा म्हणणार नाही.

आता हंगामाच्या सुरुवातीबद्दल. मला माझे दोन संघ सर्वांत जास्त आवडतात ते याच दिवसांत, लीगच्या पहिल्या तीन-चार सामन्यांत. आणि एकनिष्ठेचा डांगोरा पिटणारे नेमके याच दिवसांत कुठे दिसत नाहीत. ते अंतिम सामन्याचे पाहुणे. त्या दिवशी हलगी, गुलाल, भगवे फेटे, सगळे जागच्या जागी असते. पण लीगच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारच्या उन्हात येऊन बसणारे आम्ही तेच ते. मैदान अजून कडक असते, चेंडू गुडघ्याइतका उसळतो. आघाडीच्या गड्याच्या पोटावर दिवाळीच्या लाडवांची खूण दिसत असते. बचावफळीतली दोन पोरे पहिल्यांदाच शेजारी शेजारी उभी असतात. चेंडू मध्ये आला की दोघेही एकमेकांकडे पाहतात आणि चेंडू निघून जातो. गोलरक्षक घसा फोडून ओरडतो. आणि मग तिसऱ्या सामन्यात कधीतरी, उजवीकडून आलेला पास न पाहताच तो पोरगा मधोमध सोडून देतो, कारण मागून आपला जोडीदार येणार हे त्याला आता कळलेले असते. गोल होतो की नाही, हा पुढचा प्रश्न. हे घडताना पाहायला मिळते ते फक्त सुरुवातीला. चषकाच्या अंतिम सामन्यात सगळे तयार ताट. स्वयंपाक पाहायचा असेल तर आधी यावे लागते.

‘सुरुवातीच्या सामन्यांना काय अर्थ आहे?’ असे म्हणणाऱ्यांना मी लीग या गोष्टीचा जन्म कसा झाला, ते वाचायला सांगते. इंग्लंडात आधी चषकाच्या स्पर्धा आणि मैत्रीचे सामने एवढेच होते. संघ बाद झाला की त्याचे शनिवार रिकामे; ठरलेला सामनाही ऐनवेळी रद्द व्हायचा. लोक मैदानावर यायचे आणि हात हलवीत परत जायचे. १८८८ साली बर्मिंगहॅममधल्या विल्यम मॅकग्रेगर नावाच्या एका कापडदुकानदाराने काही क्लबांना पत्र लिहिले, की आपण मिळून ठरलेले सामने ठरलेल्या दिवशी खेळूया. बारा क्लब एकत्र आले आणि ८ सप्टेंबरला पहिले सामने झाले. यातला मला सर्वांत आवडणारा भाग असा की, विजयाला किती गुण आणि बरोबरीला किती, हे नोव्हेंबरात ठरले! म्हणजे दहाएक आठवडे लोक नुसता खेळ पाहायला येत होते. त्या पहिल्या लीगमध्ये प्रेस्टनचा संघ बावीस सामने खेळला आणि एकही हरला नाही. पण तो शेवटी पहिला येणार हे सप्टेंबरात कुणाला ठाऊक होते? गुणांची वही मीही ठेवते. एका पानावर माहेर, एका पानावर सासर. पण आधी डोळे, मग वही.

आणि हंगाम सुरू होणे ही काही सूर्य उगवण्यासारखी हमखास गोष्ट नव्हे. २०२० च्या मार्चात सगळ्या देशाला कुलूप लागले, तेव्हा आमचा हंगाम अर्ध्यावरच तुटला. २०२५ च्या जुलैत तर देशातल्या सर्वांत श्रीमंत लीगच्या चालकांनीच कराराचा पेच सुटेना म्हणून पुढचा हंगाम थांबवून ठेवल्याचे कळवले. कोटींची उलाढाल असूनही खेळाडू घरी बसून राहिले. तेव्हा लीगचा पहिला चेंडू मध्यावर ठेवला जातो, ही गोष्ट मला तरी लहान वाटत नाही.

आता विरोधी पक्षाचा मुख्य मुद्दा घेते. ते म्हणतात, “ईर्षा नसेल तर खेळात राम काय? तुमच्यासारखे सगळे झाले तर मैदानावर कीर्तन ऐकल्यासारखे वाटेल.” ईर्षा हवीच. पाटाकडील तालमीचा सामना असला की समोर कुणीही असो, माझा आवाज माझ्याच कानांत दुसऱ्या दिवसापर्यंत घुमतो. शिवाजी मंडळाचे तसेच. आणि दोघे समोरासमोर आले तर? तर मी चांगल्या खेळाला ओरडते, मग तो कुणाचाही असो. माझ्याइतका आनंद त्या दिवशी सबंध मैदानावर कुणाला होत नाही, आणि माझ्याइतके दुःखही होत नाही; कारण काहीही झाले तरी मी जिंकते आणि काहीही झाले तरी हरते. रात्री हरलेल्या बाजूला जेवायचे, असा माझा नेम आहे. माहेर हरले तर भावाकडे जाते. सासर हरले तर जायचा प्रश्नच नाही, घरीच सुतकी तोंडे घेऊन सगळे ताटावर बसलेले असतात. त्या दिवशी पांढरा रस्सा जरा जास्त घट्ट करावा लागतो.

मला भीती ईर्षेची नाही. ‘आपला तो देव आणि दुसरा तो वैरी’ या शिकवणीची आहे. तिचा शेवट कुठे होतो, ते कलकत्त्याने पाहिले आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. प्रेक्षकांत मारामारी झाली, पळापळ झाली, आणि सोळा माणसे चेंगरून मेली. सोळा घरांत त्या संध्याकाळी जेवणाची ताटे वाट पाहत राहिली. त्यांतल्या कुणाची निष्ठा कमी पडली होती, असे कोण म्हणेल?

आणि त्याच कलकत्त्याने दुसरेही काही दाखवले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला आणि शहर पेटून उठले. बंदोबस्ताला पोलीस पुरणार नाहीत म्हणून १८ तारखेचा मोहन बागान-ईस्ट बंगाल सामनाच रद्द करण्यात आला. तेव्हा दोन्ही संघांचे पाठीराखे आपापल्या जर्सी घालून स्टेडियमबाहेर जमले आणि त्या मुलीला न्याय मिळावा म्हणून एका सुरात ओरडले. मोहमेडन स्पोर्टिंगचेही लोक त्यांत होते. शंभर वर्षांचे वैर म्हणतात ते हेच! मग त्या संध्याकाळी ते कुठे गेले होते? कुठेच गेले नव्हते. ते मुळात वैर नव्हतेच. ती नुसती ईर्षा होती, आणि ईर्षेला शेजारी उभे राहता येते.

आमच्याकडेही अधूनमधून फळीवर हाणामारी होते, दगड येतात. कुठल्या पेठेचे, ते मी सांगणार नाही. दगडाला पेठ नसते. मग काय होते? बंदोबस्त वाढतो, सामने थांबवण्याची भाषा सुरू होते, वर्तमानपत्रांत ‘हा कसला खेळ’ अशी पत्रे येतात. पण सर्वांत आधी शिक्षा कुणाला होते ठाऊक आहे? दगड मारणारा चार दिवसांनी पुन्हा फळीवर असतो. घरात मात्र निर्णय होतो, “आता बायकापोरींनी मैदानावर जायचं काम नाही.” पोरगे दांडगाई करणार आणि घरात बसायचे आम्ही! पाऊस पडला म्हणून छत्रीला कोंडून ठेवण्यासारखे हे आहे.

बाईला मैदानापासून दूर ठेवताना कारण नेहमी तिच्या भल्याचेच सांगतात. १९२० साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना पाहायला त्रेपन्न हजार माणसे आली होती. पुढच्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला, की हा खेळ बायकांना मानवणारा नाही, क्लबांनी त्यांना मैदाने देऊ नयेत. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. इराणात तर बायकांना पुरुषांचे सामने पाहण्याचीही चाळीसेक वर्षे मनाई. १० ऑक्टोबर २०१९ ला तेहरानच्या आझादी स्टेडियमची दारे त्यांना उघडली गेली. त्या दिवशी इराणने कंबोडियाला चौदा गोल घातले. इतक्या वर्षांनी आलेल्या बायकांना एकतर्फी सामना पाहावा लागला, याचे मला वाईट वाटते; पण त्यांना वाटले असेल असे नाही.

आता एक लहानसा हिशोब आमच्या शिकलेल्या पोरांशी. हे मध्यरात्री उठून मँचेस्टर आणि माद्रिदचे सामने पाहतात. पाहोत, खेळ उत्तमच असतो, मीही भाच्याशेजारी बसून पाहिले आहेत. पण यातलाच एखादा सकाळी डोळे चोळीत मला विचारतो, “आत्ती, तालमींच्या फुटबॉलात काय बघतेस?” तेव्हा मी त्याला २०१७ चा ऑक्टोबर आठवायला सांगते. दिवाळी तोंडावर आली होती आणि सतरा वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा आपल्या देशात पहिल्यांदाच भरली होती. दिल्लीत भारताच्या संघातून अनिकेत जाधव खेळत होता, आमच्या कोल्हापूरचा. त्या रात्री तो कुठल्या पेठेचा, असे गावात कुणी विचारल्याचे मी ऐकले नाही. भारत तिन्ही सामने हरला. तरी पोरगा दिसला की घराघरांत ओरडा उठत होता. म्हणजे सबंध गावाला एकाच पोरासाठी ओरडता येते. मग मला दोन संघांसाठी ओरडता येते, यात कुणाला अचंबा का वाटावा?

माझे मागणे फार नाही. घरी येणाऱ्या सुनेला तिचा संघ कुणी बदलायला सांगू नये. तिला आवडला तर ती आपणहून दुसराही धरील. मैदानावर बायकांना चार तास नीट बसता येईल अशी जागा हवी, पिण्याचे पाणी हवे, मोरीची सोय हवी. आणि ही सोय अंतिम सामन्याला आलेल्या पाहुण्यांसाठी नको, लीगच्या पहिल्या सामन्यापासून हवी. दगड मारणाऱ्याला त्याच्याच तालमीने धरून बाहेर काढावे, म्हणजे पोलिसांना सामना थांबवायचे निमित्त उरणार नाही. तालमीला हे सहज जमते. गणपतीच्या मिरवणुकीत जमते, मग इथे का जमू नये?

माझ्या धाकट्या सुनेचे माहेर रविवार पेठेतले, दिलबहार तालमीचे. लग्न झाल्यावर पहिल्या हंगामात ती जरा दबकत होती. मी तिला गुणांच्या वहीत तिसरे पान करून दिले. आता घरात तीन संघ आहेत आणि यजमान म्हणतात की, स्वयंपाकघरात राजकारण फार वाढले आहे. वाढू दे. यंदाचे लीगचे वेळापत्रक लागले की आम्ही दोघी, गल्लीतल्या आणखी तिघी आणि माझ्या पंच्याऐंशी वर्षांच्या जाऊबाई, अशा सहाजणी पहिल्या दिवशी दुपारच्या सामन्यालाच जाणार आहोत. त्या दिवशी आमच्यापैकी एकीचाही संघ खेळत नसला तरी चालेल. जाऊबाईंना उन्हाचा त्रास होतो, म्हणून भिंतीकडची सावलीची जागा कुणी अडवली नाही तर बरे. चिवडा आणि कडबोळी आम्ही डब्यातून नेऊ. फराळाचे उरलेलेच असते, आणि शेजारी कुठल्याही पेठेचा बसला तरी डबा पुढे करायला हरकत नाही.